दमलेल्या दिवसाचा धमाल पिक्चर : प्रस्तावना

शारीर विनोदाच्या चित्रपटात हसू शब्दाच्या आधी अंगातून येते. पात्र घसरते, आपटते, दारामागे लपायला जाते आणि दारच अंगावर घेते, पळताना धोतराचा सोगा पायात अडकवून घेते. भाषा न कळणाऱ्या पोरालाही काय झाले ते कळते. गोष्ट बहुधा दोन वाक्यांत सांगता येईल एवढीच असते. लोक अशा चित्रपटाला ‘धमाल पिक्चर’ म्हणतात, समीक्षक त्याला सहसा बाजूला ठेवतात, आणि दिवसभर राबून आलेला माणूस रात्री जेवण झाल्यावर नेमका तोच लावतो. ही निवड आळसातून होते, असे समजण्याची पद्धत आहे. ती समजूत उथळ आहे. थकलेल्या माणसाने हसण्यासाठी दुसऱ्याच्या धडपडीकडे वळावे, यामागे शरीराची, कलेची आणि श्रमाची जुनी कारणे आहेत.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव या विषयासाठी योग्य जागा आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ इथून पुढे हिंगणघाटला जातो, आणि वरोरा-चंद्रपूरकडे जाणारा रस्ता इथेच फुटतो. चौरस्त्याचे गाव असल्याने थकव्याचे अनेक प्रकार इथे एका ठिकाणी भेटतात. ट्रकवाल्याची पाठ आणि डोळे शिणलेले असतात. कापूस वेचून आलेल्या बाईची कंबर आणि बोटांची टोके दुखत असतात. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी ती सोललेली असतात. डवरणी-फवारणी करणाऱ्याचे खांदे भरून आलेले असतात. कापड गिरणीतल्या पाळीवरून सुटलेल्याचे पाय जड असतात आणि यंत्रांचा आवाज बराच वेळ कानात घुमत राहतो. ढाब्यावर रात्रभर ताटे उचलणाऱ्या पोराचा दिवस तर इतरांचा संपतो तेव्हा सुरू होतो. या सगळ्यांच्या थकव्यात एक गोष्ट समान आहे: लक्ष देण्याची ताकद संपलेली असते. गुंतागुंतीचे कथानक, कोण कोणाचा कोण हे लक्षात ठेवणे, न बोललेल्या वाक्याचा अर्थ लावणे, हे सगळे त्या वेळी आणखी एक काम होऊन बसते.

भारतीय नाट्यविचाराने ही गरज फार लवकर ओळखली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्य कशासाठी आहे हे सांगताना दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना वेळेवर विश्रांती देणे हे त्याचे कार्य म्हटले आहे. थकलेल्याची विश्रांती हा तिथे कलेचा दुय्यम उपयोग नाही; ज्ञान आणि उपदेशाच्या पंक्तीतच तिला स्थान आहे. हास्यरसाची कारणे देताना शास्त्राने पहिला मान विकृत वेषाला आणि अस्थानी अलंकाराला दिला. कमरेची मेखला छातीवर बांधली तर ती शोभत नाही, हसूच आणते, असा त्यातला दाखला आहे. हसण्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगून त्यांची उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींत वाटणी केली आहे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कुशी धरून हसणे अधमांच्या वाट्याला आले. ही वाटणी आज मान्य करण्याचे कारण नाही. ज्याचे अंग दिवसभर राबले, त्याला अंगभर हसण्याची गरज अधिक असते, एवढे मात्र त्या निरीक्षणातून घ्यावे.

शरीरात काय घडते, याचाही बराच उलगडा झाला आहे. खळखळून हसणे म्हणजे श्वास सोडण्याची झटक्याझटक्याची मालिका; छाती, पोट आणि श्वासपटल यांचे स्नायू तिच्यात जोरात काम करतात आणि मग सैल पडतात. हसताना हातातली वस्तू निसटते, उभे राहवत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ साली दाखवले की हसण्याच्या वेळी स्नायूंची एक प्रतिक्षिप्त क्रिया खरोखरच मंदावते. ‘हसून हसून गळून गेलो’ हे मराठी बोलणे शब्दशः खरे ठरते. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विनोदी दृश्ये पाहून मनापासून हसलेल्या लोकांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली आढळली. फिनलंडमधील तुर्कू येथे २०१७ साली मेंदूच्या चित्रणातून दिसले की मित्रांसोबत हसल्यानंतर शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. या प्रयोगांतली माणसे मोजकी होती, त्यामुळे त्यांतून औषधाची मात्रा काढणे घाईचे होईल. पण दुखऱ्या कमरेची बाई चित्रपट पाहताना कंबर विसरते, या रोजच्या दृश्याला त्यांनी आधार दिला आहे.

एवढ्याने प्रश्न संपत नाही. हसू तर शाब्दिक कोटीनेही येते. मग दमलेल्याला पडणारा-आपटणाराच का हवा असतो? याचे उत्तर त्या विनोदाच्या विषयात आहे. शारीर विनोदाचा खरा विषय काम हाच आहे. लॉरेल आणि हार्डी यांच्या १९३२ च्या ‘द म्युझिक बॉक्स’मध्ये दोन हमाल एक पियानो लांबलचक जिन्यावरून वर चढवतात आणि तो पुन्हा पुन्हा खाली येतो, चित्रपटाचा मोठा भाग एवढ्यातच जातो. चॅप्लिनच्या १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये पट्ट्यावरून येणारे नट आवळता आवळता कामगाराचे हात काम थांबल्यावरही आवळतच राहतात. ज्याने पोती चढवली आहेत, ज्याने पाळीत एकच हालचाल हजारदा केली आहे, त्याला यात समजावून सांगण्यासारखे काही नसते. ओझे, जिना, यंत्र, गणवेश, मुकादम, घरमालक: दिवसभर ज्यांनी माणसाला वाकवले, तेच पडद्यावर येतात, फरक इतकाच की तिथे पडण्याने हाड मोडत नाही, रोजी बुडत नाही आणि पडलेला लगेच उठून पुढच्या फजितीकडे धावतो. थकवा तोच राहतो, त्याचे वजन जाते. म्हणूनच हा विनोद श्रमिकांचा आहे, आणि त्याला हलका म्हणणाऱ्यांनी सहसा पोती चढवलेली नसतात.

महाराष्ट्रात या विनोदाचा वंश पडद्याहून जुना आहे. तमाशातला सोंगाड्या हा त्याचा सर्वांत ओळखीचा पूर्वज. जामहून चंद्रपूरच्या दिशेने गेले की पूर्व विदर्भाच्या खडी गंमत आणि दंडार या लोकनाट्यप्रकारांचा प्रदेश लागतो. उभ्याने सादर होणाऱ्या खडी गमतीत शाहिराच्या गंभीर कवनाला गमत्याची फिरकी आणि पुरुषाने वठवलेल्या नाच्याची जोड असते. याच प्रदेशात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालते. वडसा-देसाईगंज हे त्या नाटक कंपन्यांचे केंद्र आहे. धानाच्या हंगामाने थकलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतो तो कथानकातल्या रडण्यासाठी जितका, तितकाच मधल्या विनोदी पात्रासाठी. ते पात्र काही वेळाने आले नाही तर मंडपातून हाक येते.

मराठी माणसाने चित्रपट काढायला सुरुवात केली, त्या पहिल्या दिवसांतच हा विनोद पडद्यावर आला. १९१३ साली मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला तेव्हा त्याच खेळात पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू आणि विनोदी प्रवेशही होते. दादासाहेब फाळके यांनी पुढे ‘मोहिनी भस्मासुर’च्या जोडीला १९१४ साली ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपट दिला. पुराणकथेच्या शेजारी पिठाची गंमत ठेवावी लागते, हे फाळक्यांना लगेच उमगले होते. बोलपट आल्यावर विनोद काही काळ शब्दांकडे झुकला, तरी मास्टर विनायकांनी १९४० च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आणताना दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी निवडली. एक बावरलेला, दुसरा आडदांड. दोघे शेजारी उभे राहिले की अर्धा विनोद झालेला असे.

विदर्भाच्या दृष्टीने भगवानदादांचे नाव इथे ठळकपणे यावे. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीचा. गिरणी कामगाराचा हा मुलगा मुंबईच्या गिरणगावात वाढला, मूकपटांपासून कामे करू लागला आणि थोड्या भांडवलात हाणामारीचे, उड्या-कोलांट्यांचे चित्रपट काढू लागला. त्यांचा प्रेक्षक कामगार वस्तीतला होता. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्यांनी जे नाचून दाखवले, ते नृत्यशिक्षणाच्या कोणत्याही मापात बसत नाही: ठेंगणे, भरलेले अंग, किंचित वाकलेले गुडघे, खांद्याची संथ लय. दमलेल्या माणसालाही जमेल असा तो नाच आहे, आणि गणपतीच्या मिरवणुकीत तो अजून नाचला जातो. पडद्यावरच्या नायकाची नक्कल सामान्य माणसाला सहज करता यावी, ही देणगी फार थोड्या नटांना लाभली.

दादा कोंडके यांनी सोंगाड्याला थेट नायक केले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना घडवले आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’ने पडद्यावर उभे केले. अर्धी चड्डी आणि तिची लोंबणारी नाडी हा त्यांचा वेष नाट्यशास्त्रातल्या अस्थानी अलंकाराचाच गावरान अवतार होता. त्यांचा द्व्यर्थी संवाद सर्वांना आठवतो. त्यामुळे अंगाची कारागिरी झाकली गेली. मान एका बाजूला टाकून, ओठ अर्धवट उघडे ठेवून, पुढच्याचे बोलणे उशिरा कळल्यासारखे उभे राहणे, आणि मग एका झटक्यात सगळे अंग जागे होणे, हे तमाशाच्या बोर्डावर शेकडो रात्री घासल्याशिवाय येत नाही. १९७५ च्या ‘पांडू हवालदार’मध्ये त्यांच्यासोबत अशोक सराफ होते, आणि तिथून पुढच्या पिढीची वाट सुरू झाली.

त्या पिढीचा काळ साधारण १९८५ ते १९९३ असा धरता येतो, आणि जामसारख्या गावात आजही रात्री लावला जाणारा चित्रपट बहुधा याच काळातला असतो. महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ १९८५ साली आला. त्याचे मूळ श्रीधर यांच्या १९६४ च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ या तमिळ चित्रपटात, आणि १९६६ च्या ‘प्यार किये जा’तून ते हिंदीत आधीच येऊन गेलेले, मराठीत मात्र ते अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर यांच्या अंगांवर बेतले गेले. श्रीमंत म्हाताऱ्याचे सोंग घेतलेला सराफांचा तरुण पाइप ओढतो आणि धूर, ठसका व प्रौढीचे बोलणे एकमेकांत अडकते. त्या प्रसंगात अर्थपूर्ण शब्द जवळजवळ नाहीत. ठसका कुठे सुरू करायचा, कुठे दाबायचा, दाबलेला ठसका डोळ्यांत कधी आणायचा, एवढ्यावर तो उभा आहे, आणि अनेकदा पाहूनही त्याची धार गेलेली नाही. सराफांना पुढे २०२३ सालचा महाराष्ट्रभूषण आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली. विनोदी नटाला हे सन्मान उशिरा का होईना मिळाले, याचे समाधान आहे.

सचिन पिळगावकर यांचा १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ हा या परंपरेतला सर्वाधिक पाहिला जाणारा चित्रपट. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वर तो आधारलेला आहे आणि त्याचे लेखन वसंत सबनीसांचे आहे. ‘विच्छा’चा आणि ‘सोंगाड्या’चा लेखकच इथेही आहे, हे लक्षात घेतले की तमाशाचा बोर्ड आणि पुण्यातली भाड्याची खोली यांच्यातला धागा दिसतो. विनोदाचे मूळ अगदी खऱ्या अडचणीत आहे: एकट्या पुरुषांना कोणी जागा देत नाही. म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. पुढचे सगळे हसू एका गोष्टीतून येते: लुगड्यातले अंग आपण बाई आहोत हे विसरते आणि मग घाबरून आठवते. सचिन यांची सुधा नाजूकपणा बऱ्यापैकी सांभाळते. बेर्डे यांच्या पार्वतीला तो सांभाळताच येत नाही. एकच सोंग दोन अंगांत इतके वेगळे उतरवले आहे की एकाची सफाई दुसऱ्याची फजिती वाढवत जाते. अशोक सराफ यांचा धनंजय माने या दोघांच्या मध्ये उभा राहून फक्त परिस्थिती सावरतो. सावरणाऱ्याचे हाल पडणाऱ्याहून अधिक असतात, हे घर चालवणाऱ्या कोणत्याही प्रेक्षकाला माहीत असते.

लक्ष्मीकांत बेर्डे (१९५४–२००४) यांच्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवर उमेदवारी करून, ‘टुरटुर’ नाटकाने नाव मिळवून ते चित्रपटात आले. कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’मध्ये (१९९०) त्यांनी लक्ष्या आणि बाटलीतला चिमुकला गंगाराम अशा दोन्ही भूमिका केल्या; त्यासाठी समोर नसलेल्या स्वतःशीच नजरेचा आणि वेळेचा मेळ घालावा लागला. ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) समोर बाहुला होता. रामदास पाध्ये यांनी तयार केलेल्या त्या बाहुल्यात दिलीप प्रभावळकरांनी साकारलेल्या तात्या विंचू या गुंडाचा आत्मा शिरतो. बाहुल्याचा चेहरा फारसा बदलत नाही; तो भयंकर वाटतो तो बेर्डे यांच्या घाबरण्यामुळे. मागे सरकताना खुर्चीत अडकणारे पाय, ओरडायला उघडलेल्या तोंडातून न निघणारा आवाज, आणि कोणी पाहायला आले की बाहुला निपचित, म्हणून उडालेली तारांबळ: एका नटाने निर्जीव वस्तूला अंगाच्या जोरावर जिवंत केले आहे. त्या आधीच्याच वर्षी जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या पटकथेवर, त्यांनी सोंगाड्याचीच गंभीर कहाणी साकारली. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की हसवण्यात किती मेहनत खर्ची पडते ते कळते. हसवणारा पडद्यावर जितका सैल दिसतो, तितका तो आतून ताठ असतो. एका क्षणाची चूक झाली तर पडणे नुसतेच पडणे होते.

हे चित्रपट गावापर्यंत पोचण्याच्या वाटा बदलत गेल्या. जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा येई. त्या फिरत्या चित्रगृहांचा उतरता काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात नोंदला गेला आहे. नंतर भाड्याने आणलेला व्हिडिओ, लांब पल्ल्याच्या ‘व्हिडिओ कोच’ गाड्या, दूरदर्शन आणि २००७ पासून झी टॉकीज. वाहिन्यांनी हेच चित्रपट इतक्यांदा दाखवले की संवाद घरादाराला पाठ झाले, आणि या पुनरावृत्तीचा थकलेल्या माणसाला एक वेगळाच लाभ झाला. पुढे काय होणार ते ठाऊक असल्याने सावध राहावे लागत नाही. मधेच डोळा लागला तरी काही हुकत नाही. जाग येईल तिथून पिक्चर पुन्हा धरता येतो. पहिल्यांदा पाहताना हसू दचकून येते, दहाव्यांदा ते वाट पाहून येते, आणि दुसऱ्या हसण्यात विसावा अधिक असतो.

या परंपरेचे काही भाग मात्र आज खटकतात, आणि ते दडवू नयेत. तोतरे बोलणे, तिरळे डोळे, लठ्ठपणा, काळा रंग यांवर बेतलेला विनोद त्या काळी सर्रास होता. स्त्रीवेषातल्या पुरुषाच्या निमित्ताने बायकांशी लगट करण्याचे प्रसंगही होते. इथे कसोटी साधी ठेवता येते: पडतो कोण? नायक स्वतःच्या हावरेपणाने, भित्रेपणाने, खोटेपणाने पडला की सगळे घर हसते. मुळात दुबळ्याला ढकलले गेले की प्रेक्षकांतला कोणीतरी अंग आवळून बसतो, आणि विश्रांतीसाठी आलेल्याला ती मिळत नाही. ‘बनवाबनवी’ टिकला त्याचे मोठे कारण हे की तिथली फजिती सोंग घेणाऱ्यांचीच आहे. त्या काळचे इतर कित्येक चित्रपट या कसोटीला उतरत नाहीत, आणि ते विसरले गेले ते योग्यच झाले.

सध्या चौरस्त्यावर थांबलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये तोच विनोद मोबाइलवर तुकड्यांत पाहिला जातो. हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना जितक्या वेळा हसतो, त्याच्या सुमारे तीस पट वेळा इतरांच्या संगतीत हसतो. म्हणजे एकट्याने पाहण्यात पहिला तोटा तिथेच होतो. दुसरा तोटा तुकड्याचा. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत पडणे असते, पडण्याची तयारी नसते. ‘बनवाबनवी’त लुगडी नेसण्याआधी चौघांची बेघर होण्याची सगळी हकिगत सांगितली जाते, घरमालकाशी खटका उडतो, जागा शोधून पाय झिजतात, ‘झपाटलेला’त बाहुला हलायला लागण्यापूर्वी लक्ष्याचे भोळेपण बराच वेळ मुरवले जाते. थकलेले शरीर सैल व्हायलाही तेवढाच वेळ घेते. ढाब्यावरच्या टीव्हीसमोर जेवत बसलेले अनोळखी चालक आणि जाहिराती संपायची वाट पाहणारी ताटे उचलणारी पोरे यांना तो वेळ अजून मिळतो, कारण तिथे पिक्चर सुरुवातीपासून लागलेला असतो आणि तो बदलायचा रिमोट मालकाकडे असतो.